डावा पाय

टेम्पोला गाडी टेकली ती इतकी हळू, की टेम्पोतल्या कोबीच्या गड्ड्यांनासुद्धा कळलं नसावं. भोरच्या बाजारातून वर जाणारा चढ, सकाळची वेळ, पुढचा टेम्पो थांबला म्हणून छायाने उजव्या पायाने ब्रेक दाबला आणि डाव्याला क्लच दाबायला सांगितलं. सांगितलं म्हणजे तरी काय, पायाला कोण सांगत बसतं? इतकी वर्षं तिने कधी सांगितलं नव्हतं. आज मात्र सांगितल्याचं तिला स्पष्ट जाणवलं, कारण पाय गेला नाही. म्हणजे गेला, पण मागाहून गेला, पंगत बसल्यावर चप्पल काढत राहिलेल्या पाहुण्यासारखा. तोवर गाडीने एक उचकी दिली, नाक पुढे केलं, टेम्पोच्या मागच्या फळीला लावलं आणि ती बंद पडली. टेम्पोवाला खाली उतरून आला, त्याने फळी पाहिली, गाडीचं नाक पाहिलं, आणि नुकसान काहीच नाही म्हटल्यावर त्याला बोलायला मोकळीक मिळाली. "काय वैनी, दुनियेचं डोळं तपासून चष्मं देता, आपलं कवा तपासायचं?" छाया म्हणाली, "क्लच अडकला." "मंग इकून टाका की आता ही चपलेवानी सपाता. तुमचं वय हाय का आता हिच्यात बसायचं?" असं म्हणून तो गेला. त्यात राग नव्हता. भोरमध्ये तिच्या गाडीविषयी काही ना काही बोलल्याशिवाय कुणी पुढे जात नाही, तो रिवाजच पडलाय. छायाने गाडी चालू केली, क्लच दाबला, यावेळी पाय वेळेवर गेला, आणि ती चढ चढून गेली. पण तिच्या डोक्यात तिचंच वाक्य राहून गेलं. क्लच अडकला. किती सराईतपणे निघालं तोंडातून, जणू आधीपासून तयार करून ठेवलं होतं.

गाडी दोन सीटची, बुटकी, पिवळी, वरून कापडी टप असलेली. ही बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला. तिचं अंग फायबरचं, त्यामुळे वेल्ह्याच्या पावसात सगळ्यांच्या गाड्या गंजल्या तरी ही गंजली नाही. फक्त बकऱ्यांना तिच्या बॉनेटची ऊब फार आवडते आणि खुरांचे ओरखडे तिच्यावर कायमचे आहेत. भाटघरच्या पाण्याकाठी बंगला असलेले पुण्याचे एक साहेब होते, छायाकडून चष्मे करून घेत. मुलाकडे परदेशी निघाले तेव्हा बंगल्यामागे ताडपत्रीखाली ही गाडी होती. तिच्यात कोंबडीने अंडी घातलेली. "कुणाला हवीय का बघा," ते म्हणाले, आणि छाया, जिने तोवर मोपेडशिवाय काही चालवलं नव्हतं, जी त्या घटकेपर्यंत स्वतःला समजूतदार बाई समजत होती, ती म्हणाली, "मला." हा शब्द कुठून आला हे तिला अजून उमगलेलं नाही. लग्नाला होकारसुद्धा तिने इतक्या पटकन दिला नव्हता. तेव्हापासून ही गाडी रोजची झाली. शोभेची नाही, सणावाराची नाही. तिच्या डिकीत चष्म्यांच्या पेट्या आणि गॅसची टाकी जाते, शेजारच्या सीटवर पट्टा लावून कुकर दुरुस्तीला जातो. गतिरोधक आला की ती तिरकी घालायची, आधी एक चाक, मग दुसरं, नाहीतर पोट घासतं. गावोगाव लोकांनी आपापल्या हौसेने बांधलेले सगळे गतिरोधक छायाला माणसांसारखे माहीत आहेत, कोण सरळ आहे आणि कोण डाव्या अंगाने जरा नमतं घेतो. टप फाटला तेव्हा नवा तिने स्वतः शिवला, वडिलांच्या पायमशीनवर. जाड कापड सुईखाली सरकेना, तर डावा पाय पुढे, उजवा मागे, सारं अंग घालून मशीन मारलं होतं. तेव्हा पाय ऐकत होता.

कापूरहोळच्या रस्त्याला लागल्यावर तिने टप उघडाच ठेवला. जानेवारीचं ऊन कोवळं होतं, वाऱ्यात गारवा होता, दोन्हीकडे उसाच्या फडात तोडणी चालू होती. दुसऱ्या गिअरवरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा. प्रत्येक वेळी ती पायाकडे लक्ष देत होती, आणि लक्ष दिलं की सगळं बिघडतं. जिना उतरताना पायऱ्यांचा विचार करावा तसं. गिअर तिला अमृतने शिकवले होते, तिच्या नवऱ्याने. उभा जन्म एसटी चालवण्यात गेलेला माणूस, पण शिकवलं ते स्वयंपाकघरात, पाटावर बसवून. पिठाच्या डब्यात लाटणं उभं रोवलं आणि म्हणाला, हा गिअर. डाव्या पायाखाली उलटी वाटी ठेवली, हा क्लच. "आधी वाटी, मग लाटणं," तो सांगत होता, "लाटणं आधी नेलंस तर आतले दात रडतात. त्यांना रडवायचं न्हाई." ती हसत होती आणि तो हसत नव्हता. बसच्या इंजिनाविषयी बोलताना तो नेहमी असा व्हायचा, आजारी म्हशीजवळ बसलेल्या माणसासारखा. पुढे एकदा वरंध्याच्या रस्त्याला त्याची बस वरून येत होती आणि ही खालून, टप उघडा टाकून. संध्याकाळी घरी आल्यावर हातपाय धुताना तो म्हणाला, "आज तुझा भांग दिसला मला वरून." एवढंच. बायकोच्या गाडीविषयी गावाने काय काय म्हटलं, बेडकी म्हटलं, सपाता म्हटलं, खाली बसून धुणं धुवायची गाडी म्हटलं. त्याने आपल्या तोंडाने एवढंच म्हटलं. स्वतः मात्र तो तिच्यात एकदाच बसला होता. गुडघे हनुवटीला लागतात म्हणाला, आणि वरून बघायची सवय झालेल्या माणसाला जमिनीलगत गेलं की भीती वाटते. कशाची ते सांगितलं नाही.

हायवेला आल्यावर ट्रकांच्या चाकांचे नट तिच्या कानाशी फिरू लागले. छायाला याची भीती वाटत नाही, उलट बरं वाटतं. इतकं खाली बसलं की कुणी आपल्याकडे काही मागायला वाकत नाही. गाडीत ती कुणाची आई नसते, कुणाची ताई नसते, चष्मेवाली बाईसुद्धा नसते. दोन हात, दोन पाय आणि मधे एक दांडा. चारी अवयवांना काम दिलेलं असलं की मनाला सुट्टी मिळते. पुण्यात नोकरीला असलेली प्रेरणा, तिची लेक, दर फोनला सांगते की मम्मी, आता ऑटोमॅटिक घे, डावा पाय नुसता ठेवायचा, काही करायचं नाही. काही करायचं नाही. हे वाक्य छायाला दिवाळीपासून जास्त टोचायला लागलं होतं. दिवाळीपासूनच तिने मागे पट्टा असलेली सँडल घालायला सुरुवात केली होती. गाडी चालवताना पायात घट्ट बसते, असं तिने दुकानदाराला सांगितलं, अमृतला सांगितलं आणि मग आरशापुढे उभं राहून विनाकारण स्वतःलाही सांगितलं. खरं कारण तिच्या पायाला ठाऊक होतं. साधी चप्पल हल्ली त्याच्या हातून सुटायला लागली होती. पायाच्या हातून. असा काही शब्दप्रयोग आहे का, असं तिला वाटलं, आणि तिला हसू आलं, आणि ते हसू नसरापूरच्या फाट्यापर्यंत टिकलं नाही.

कारण वडील एकदा एकाच चपलेवर घरी आले होते. जगन टेलर म्हटलं की भोरमध्ये अजून चार जुनी माणसं मान हलवतात. दुकान म्हणजे एक दार, एक मशीन, एक खुंटी. छाया नववीत होती. शाळेतून आली की दाराशी बसून काज करायची, आणि पाठीमागे मशीन चालायचं, टकटक नव्हे, सलग, भुंग्यासारखं, मधेच वळणावर दम घेऊन परत. त्या आवाजात तिने इतिहास पाठ केला, भूमिती पाठ केली. एक दिवस आवाज अडखळला. दोन टाके, थांबला, तीन टाके. "पट्टा सैल झालाय," वडील म्हणाले. चामड्याचा नवा पट्टा आणला. आठवड्याने परत तेच. "हा पण खोटा निघाला." मग पट्टा बदलला, मग चाकाला तेल घातलं, मग मशीनच उलटं करून सगळं धुतलं. आई, जाईबाई, रात्री चुलीपाशी बसून त्यांच्या तोंडून हे सगळं ऐकायची आणि भाकरी थापत राहायची. एका पाटलीणबाईंच्या पोलक्याची शिवण साप चालल्यासारखी वाकडी गेली, ती बाई भांडून गेली, आणि वडील म्हणाले, मशीनच जुनं झालंय. त्यानंतरची ती संध्याकाळ. ते आले, ओट्यावर बसले, पाय धुवायला पुढे केले, आणि आई म्हणाली, "दुसरी कुठंय?" त्यांनी खाली पाहिलं. डाव्या पायात काही नव्हतं. ते अख्खा बाजार ओलांडून आले होते आणि त्यांना कळलं नव्हतं. छाया शोधायला गेली. चप्पल स्टँडच्या वळणावर पडलेली होती, सरळ, घराच्या दिशेने तोंड करून, जणू ती तिच्या परीने निघालीच होती. पुढचं सगळं, काठी, मग भिंत, मग बाज, हे छायाला आठवतं, पण त्याचं तिला तितकं काही वाटत नाही. तो आजार होता, आजारात माणूस जातो. तिला वाटतं ते त्या पट्ट्यांचं. पंचवीस वर्षं ज्या मशीनने घर चालवलं त्याच्यावर त्यांनी आळ घेतला होता, आणि मशीनला बोलता येत नव्हतं.

आणि मी आज काय म्हणाले, छाया मनात म्हणाली. पण लगेच दुसरं मन पुढे आलं, चष्म्याच्या दुकानात पुढे येतं तसं, गिऱ्हाइकाला धीर देणारं. क्लच खरंच अडकत असेल. गाडी जुनी आहे. वायर जुनी आहे. मागच्या पावसात पाण्यातून गेली होती. मेकॅनिककडे नेली की तो दोन मिनिटांत सांगेल. मग नेत का नाहीस? नेईन की. कधी? यावर दुसऱ्या मनाने आज चष्मे पोचवायचे होते त्या विंझरच्या गिऱ्हाइकांची आठवण काढली.

नसरापूरपासून आत वळलं की रस्ता आपला होतो. हायवेचा आवाज मागे राहतो, डोंगर जवळ सरकतात, भाताची खाचरं रिकामी आणि पांढरी पडलेली, आणि विंझरच्या अलीकडे या दिवसांत रस्त्यावर हुलगा पसरलेला असतो. खळी करायला कुणी राहिलं नाही, बैलही राहिले नाहीत. मग उपटून आणलेला हुलगा, वेल-शेंगांसकट वाळवून, अर्ध्या रस्त्यावर अंथरतात, दोन्ही टोकांना दगड ठेवतात आणि कडेला बसून राहतात. येणारीजाणारी चाकं मळणी करून देतात. एसटी, दुधाचा टेम्पो, लग्नाच्या गाड्या, पुण्याहून किल्ल्यावर चाललेली पोरं, सगळी न विचारता मजुरीला लागतात. अंबूबाईने आपला हुलगा घरासमोरच टाकला होता आणि हातात दाताळं घेऊन ती साइडपट्टीवर बसली होती, सत्तरी ओलांडलेली, मोतीबिंदू काढल्यापासून जगाकडे जरा संशयाने बघणारी. छायाने गाडी बाजूला घेऊन तिच्या चष्म्याची बदललेली दांडी दाखवली. अंबूबाईने चष्मा चढवला, आधी छायाकडे पाहिलं, मग हुलग्याकडे. "ह्यातनं लईच बारीक दिसतोय गं हुलगा. चष्मा काढला की बरा दिसतो."

"मग हुलगा बघताना काढत जा, मावशी."

"तू लई हुशार. आता असं कर, दोन येरझाऱ्या घाल ह्याच्यावरनं. सकाळधरनं बसलीया, येक यष्टी गेली ती बी कडंकडंनं. पुण्याची पोरं तर अशी जात्यात जसं काय खाली साप हाय. तुजी गाडी खाली हाय, दाबून मळंल."

दर वर्षी छाया जाता जाता एकदा वरून जायचीच. आज तिने गाडीकडे पाहिलं, हुलग्याकडे पाहिलं आणि तिला वाटलं, हे बरं आहे. रस्ता मोकळा, सरळ. पुढे जायचं, थांबायचं, मागे यायचं, परत पुढे. पहिला, रिव्हर्स, पहिला, रिव्हर्स. दर खेपेला क्लच. जे काही असेल ते इथे कळेल, आणि बघायला अंबूबाईशिवाय कुणी नाही. "सगळा मळून देते," ती म्हणाली. अंबूबाईला वाटलं ते औदार्य आहे, तिने तोंडभर आशीर्वाद दिला.

पहिल्या काही खेपा पाय असा गेला जसा नवसाने मागितला होता. चाकाखाली शेंगा फुटत होत्या, तडतड, तडतड, बारीक, एकसारखं, आणि गाडीच्या पोटाला वेल घासून सर्र आवाज करत होते. टोकाला पोचलं की क्लच, दांडा मागे, मान वळवून परत. अंबूबाई मधे मधे उठून दाताळ्याने खालचं वर करत होती. त्या आवाजात छाया हळूहळू कुठेतरी जाऊन बसली, दाराशी, काज करायला, आणि पाठीमागे मशीन चालू होतं, सलग, वळणावर दम घेऊन परत. तिला वाटलं, मी उगाच घाबरले होते. वय झालं की माणूस स्वतःचीच बातमी करत सुटतो. मग एका टोकाला पाय राहून गेला. तसाच, सकाळच्यासारखा. गाडीने उचकी दिली, बंद पडली. चालू केली. पुढच्या खेपेला गेला. त्याच्या पुढच्याला परत राहिला. छायाने स्टिअरिंग घट्ट धरलं आणि खाली पाहिलं. अंधाऱ्या कोपऱ्यात दोन वस्तू होत्या, लोखंडाची एक आणि सँडलमधली एक, आणि त्यातली खोटी कोणती हे वरून कळत नव्हतं.

तेवढ्यात वास आला. जळका, कडवट, कोंदट. अमृत सांगायचा, क्लचची प्लेट जळायला लागली की असा वास येतो, एकदा आला की नाक जन्मात विसरत नाही. छायाने नाक पुढे करून तो परत घेतला. प्लेट. प्लेट जळतेय. म्हणजे क्लचच होता. सकाळीही क्लचच होता, दिवाळीपासूनही क्लचच असेल, आणि चपला काय, चपला हल्ली मिळतातच वाईट. तिला हसू यायला लागलं. वडिलांना सांगावंसं वाटलं, बाबा, माझा पट्टा खरंच सैल आहे. खात्री करून घ्यायला तिने आणखी एक खेप केली, मुद्दाम क्लच अर्धा दाबून, इंजिन ओढून. वास दाट झाला. आणखी एक केली. इतका चांगला वास तिने कित्येक दिवसांत घेतला नव्हता. मागे येताना आरशात अंबूबाई दिसली, दाताळं हवेत हलवत होती. छायाने हात केला. अंबूबाई चालत आली आणि सरळ गाडीच्या मागे उभी राहिली, म्हणून ब्रेक दाबावा लागला.

"अगं ए, धूर निघतोय खालनं."

"ते क्लचचं आहे, मावशी. जळू दे."

"जळू दे? माजा हुलगा हाय तो. उतर आदी."

छाया उतरली. उतरताना डावा पाय दारात अडकला, तो तिने हाताने उचलून बाहेर ठेवला, आणि मग वाकून पाहिलं. गाडीच्या पोटाला, सायलेन्सरच्या नळीभोवती, हुलग्याचे वेल गुंडाळून गुंडाळून दोरखंडासारखे घट्ट झाले होते. ते काळे पडले होते आणि त्यांच्या मधोमध एक लाल रेघ फिरत होती, अंगठीएवढी. अंबूबाईने दाताळं घातलं आणि चुलीतलं लाकूड ओढावं तसा तो सगळा गुंडा ओढून काढला. बाहेर वारा लागताच त्याने पेट घेतला. पायाने तिने तो मोकळ्या डांबरावर लोटला, घरातून म्हशीच्या पाण्याची बादली आणून अर्धी त्याच्यावर आणि अर्धी गाडीखाली ओतली, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. वाफ आली. त्या वाफेबरोबर वास परत आला, आणि आता त्याला त्याचं नाव होतं. भाजलेला हुलगा. आई कढईत हुलगा भाजायची, पिठी करायला, आणि एखादा घाणा करपला की असाच वास घरभर, कपड्यांत, दप्तरात. लहानपणापासून ओळखीचा वास. झोपेत आला असता तरी तिने ओळखला असता. फक्त आज ओळखायचा नव्हता.

"तुला वास आला न्हाई व्हय?" अंबूबाईने विचारलं.

"आला की."

"मंग?"

छाया साइडपट्टीवर बसली. समोर मळलेला हुलगा होता, तांबूस दाणे आणि भुसा, त्यावर उतरलेल्या दोन साळुंक्या. गाडी ओली होऊन उभी होती, तिच्या पोटातून थेंब पडत होते, आणि तिच्यावर आळ घेणारी बाई तिच्यासमोर बसली होती. "मला वाटलं क्लच जळतोय," ती म्हणाली. "मला तो जळायला हवा होता. मावशी, माझा हा पाय ऐकत न्हाई. डावा. कधी ऐकतो, कधी न्हाई. दिवाळीपासून." हे वाक्य तिने आत कधीच तयार केलं नव्हतं, त्यामुळे ते तुकड्या-तुकड्याने आलं.

अंबूबाईने चष्मा नीट केला. खाली बसली, सँडल काढली, तळव्यावर हुलग्याची काडी फिरवली. "कळतं का?" "कळतं." बोटं धरून म्हणाली, "वर कर." बोटं वर झाली, पण एकेक करून, आळसावल्यासारखी. अंबूबाईने ती थोडा वेळ तशीच हातात धरून ठेवली. मग सँडल परत घातली, पट्टा लावला, लहान पोराचा लावतात तसा.

"मालकाला सांगितलंस?"

"न्हाई."

"पोरीला?"

"न्हाई."

"आन मला सांगतीस. मी काय करू, दाताळं घालू पायाला? त्येला फोन लाव."

छायाने फोन लावला. अमृत घरी होता, मागे कुठेतरी टीव्ही चालू होता. "अहो, विंझरला येता का? अंबूमावशीच्या घरापाशी." "गाडी बंद पडली?" "गाडीला काही झालेलं न्हाई." टीव्हीचा आवाज बंद झाला. "बस तिथंच," तो म्हणाला, "मिळंल त्या गाडीनं येतो."

मधला वेळ अंबूबाईने तिला बसू दिलं नाही. सूप आणलं, हुलगा पाखडायला लावला. भुसा वाऱ्यावर जाऊन छायाच्या पदरावर, केसांत, गाडीच्या सीटवर बसत होता. "तुज्या गाडीनं मळला खरा," अंबूबाई मूठ भरून बघत म्हणाली, "निम्मा जाळला, पर उरल्याला चांगला मळला." छायाला हसू आलं, आणि हे हसू टिकलं.

वेल्ह्याची एसटी आली. अमृत पुढच्या दाराने उतरला, ड्रायव्हरशी दोन शब्द बोलून. निवृत्त झाला तरी तो पुढच्याच दाराने उतरतो. त्याने अंबूबाईला नमस्कार केला, गाडीखाली वाकून पाहिलं, काळी नळी पाहिली, मग दार उघडून बाहेरूनच हाताने क्लच दाबला. सोडला. परत दाबला. छाया सूप धरून उभी होती. तो काय म्हणणार हे तिला माहीत होतं, तरी ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"लोण्यासारखा आहे," तो म्हणाला. मोठ्याने नाही.

"व्हय," छाया म्हणाली. "माझा पाय आहे, अहो. बाबांचा होता तसा."

तो धीर द्यायला गेला नाही. सूप तिच्या हातातून घेऊन त्याने अंबूबाईला दिलं, किल्ली घेतली आणि ड्रायव्हरच्या सीटवर स्वतःला घडी घालून बसवायला सुरुवात केली. आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेला माणूस. अंबूबाई म्हणाली, "पेटीत हार्मुनियम बसवत्यात तसं बसवलं." छाया वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली. या बाजूने ती कधीच बसली नव्हती. सीटचा पट्टा कुकरच्या मापाचा होता, तो सैल करावा लागला. समोर चाक नाही, दांडा उजव्या हाताशी आणि तोही परक्याच्या ताब्यात. रस्ता आपला आपणच येत होता.

विंझर सुटलं. अमृतने पहिला सोडून दुसरा टाकला आणि छायाचा डावा पाय आपोआप खाली गेला, रिकाम्या मॅटवर. दुसऱ्यावरून तिसऱ्याला परत गेला, थोडा मागाहून. इतक्या वर्षांची सवय, इंजिनाचा आवाज चढला की पाय उठणारच. तिने तो थांबवायचा प्रयत्न केला नाही. इथे काही बिघडत नव्हतं, कुणाला धक्का लागत नव्हता, म्हणून ती पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघू शकली. एकदा वेळेवर. एकदा उशिरा. एकदा निघाला आणि वाटेत विसरला. गरीब दिसत होता बिचारा. तिला त्याचा राग आला नाही, आणि याचं तिला नवल वाटलं. "असं होतं बघा," ती म्हणाली. अमृतने खाली पाहिलं, परत रस्त्याकडे पाहिलं. "दिसतंय," तो म्हणाला. त्याने चौथा टाकला. मग त्याने विचारलं, "बाबांना कुणाला दाखवलं होतं?" छायाने आठवून पाहिलं. पट्टा विकणाऱ्याला दाखवलं होतं. तेल घालणाऱ्याला. "न्हाई," ती म्हणाली, "त्यांनी मशीन दाखवलं."

नसरापूर ओलांडून फाट्यावर आले. समोरून हायवेची वाहनं जात होती. उजवीकडे वळलं की कापूरहोळ, भोर, घर, दुकानाचं कुलूप. डावीकडे पुणं. अमृतने गाडी कडेला उभी केली. इंजिन चालू होतं, त्याचा हात दांड्यावर होता, आणि तो तिच्याकडे बघत नव्हता.

"कुठं घेऊ?"

छायाला वाटलं, अजून घरी जाता येईल. घरी गेलं की संध्याकाळ होईल, स्वयंपाक होईल, उद्या दुकान उघडेल, आणि काय आहे ते कुणालाच कळलेलं नसेल, पायालासुद्धा. तिने साडीवरचा भुसा झटकला.

"पुण्याला," ती म्हणाली. "प्रेरणाला फोन करते. कुणाला दाखवायचं ते ती विचारून ठेवील."

त्याने डावीकडचा दिवा लावला. मोकळं सापडल्यावर गाडी हायवेला घातली. पहिल्यावर गाडी पळाली, आवाज चढला, दुसरा मागू लागला. अमृतचा हात दांड्यावर होता, पाय क्लचवर होता, पण त्याने दाबला नाही. मागून ट्रकने हॉर्न दिला. इंजिन आणखी वर चढलं, ओरडायला लागलं. उभ्या नोकरीत ज्याने कुठल्या इंजिनाला असं ओरडू दिलं नव्हतं तो माणूस शांत बसून मान किंचित खाली करून बघत होता. छायाला आधी कळेना, काय बघतोय. मग कळलं. तिचा पाय निघाला होता. येत होता, आपल्या गतीने, आणि जेव्हा तो मॅटला टेकला तेव्हा अमृतने क्लच दाबला आणि दुसरा टाकला.

तिसऱ्यालाही तो थांबला.